पहिल्या उत्तरानंतरचा प्रश्न

डॉक्टरचे निदान चुकले की आपण दोनपैकी एक अर्थ लावून मोकळे होतो. एक तर त्याला येत नव्हते, नाहीतर त्याने लक्ष दिले नाही. नातेवाइकांना असे वाटले तर त्यात नवल नाही. पण वैद्यकीय महाविद्यालयांतही चुकांची चर्चा बहुधा याच्या पलीकडे जात नाही. रेसिडेंटला ‘वाचून ये’ असे सांगितले जाते, तो मान खाली घालून ऐकून घेतो आणि राउंड पुढच्या खाटेकडे सरकतो. या पुस्तकात ज्या अभ्यासशाखेची ओळख करून दिली आहे तिचे एवढ्यावर समाधान होत नाही. भरपूर वाचलेला, मनापासून काम करणारा डॉक्टर समोरच्या रुग्णाच्या बाबतीत चुकतो तो नेमका कुठे आणि कसा, हा तिचा प्रश्न आहे. या प्रश्नाचा अभ्यास आजाराच्या अभ्यासाइतकाच शिस्तीने करता येतो, असे ही शाखा मानते. मलाही ते पटलेले आहे.

2005 साली मार्क ग्रेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत निदान चुकलेली 100 प्रकरणे मुळापासून तपासून काढली. व्यवस्थेतले दोष त्यांना 65 टक्के प्रकरणांत सापडले: रिपोर्ट वेळेवर न पोचणे, एका विभागाने दुसऱ्याला न कळवणे. विचार करण्यातले दोष 74 टक्के प्रकरणांत सापडले. कितीतरी ठिकाणी दोन्ही एकमेकांत गुंतलेले होते. निव्वळ माहिती नव्हती म्हणून निदान चुकले, अशी प्रकरणे फारच थोडी निघाली. सर्वांत जास्त वेळा दिसलेला दोष अगदी साधा होता. पटण्याजोगे एक उत्तर सापडले आणि त्यानंतर शोध थांबला. या दोषाला पुढील प्रकरणांत ‘अकाली समारोप’ म्हटले आहे.

तो घडतो कसा हे सांगण्यासाठी एक आपल्याकडचे उदाहरण घेतो. पावसाळा संपत आला आहे, विदर्भातल्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी तापाच्या रुग्णांनी भरली आहे. निंदणीला जाणारी चाळिशीची बाई पाच दिवस अंगात ताप घेऊन येते. डोके दुखते, अंग मोडून आले आहे, रक्ततपासणीत प्लेटलेट कमी. गावात आधीच डेंग्यूचे रुग्ण आहेत. केसपेपरवर ‘डेंग्यू’ लिहिले जाते आणि त्याच्या आधी एक प्रश्नचिन्ह असते. हे सगळे बरोबरच आहे. त्या दिवशी त्या खुर्चीत बसलेल्या कोणत्याही शहाण्या डॉक्टरने हेच लिहिले असते.

आता त्या प्रश्नचिन्हाचे काय होते ते पाहा. संध्याकाळी ड्युटी बदलते तेव्हा नवा डॉक्टर ‘डेंग्यूची बाई, सलाईन चालू आहे’ एवढेच ऐकतो. दोन दिवसांनी धाप लागते म्हणून तिला जिल्ह्याला रेफर करतात. चिठ्ठीवर नुसतेच ‘डेंग्यू’ असते. प्रश्नचिन्ह कोणी मुद्दाम खोडलेले नाही. कागदावरून कागदावर उतरवताना ते गळून पडले. दरम्यान नवा पुरावा काही आलेला नाही, तरी निदान मात्र दर मुक्कामाला अधिक पक्के होत गेले आहे. डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह आली तर ‘उशिरा केली म्हणून असेल’ असे म्हटले जाते. असे असूही शकते, आणि म्हणूनच ते स्पष्टीकरण इतके सोयीचे असते.

बाईच्या कमरेवर, परकराच्या नाडीखाली, विडीचा चटका बसल्यासारखी एक काळी खपली आहे. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाईने ती सांगितलेली नाही. ती स्क्रब टायफसची खूण आहे. गवतात, झुडपांत असणाऱ्या बारीक किड्याची अळी चावते तिथे ती उठते. काख, जांघ, स्तनांखालची घडी, कंबर अशा झाकलेल्या जागी अधिक. 2018 साली नागपूर विभागात या आजाराची साथ आली तेव्हा त्याचे नाव वर्तमानपत्रांत गाजले. डॉक्सिसायक्लिन हे त्यावरचे औषध जुने आणि अगदी स्वस्त आहे. वेळेवर दिले तर एक-दोन दिवसांत ताप उतरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंड आणि मेंदू त्याच्या कचाट्यात सापडतात. खपली प्रत्येकात असतेच असे नाही, त्यामुळे ती नसली म्हणून आजार नाही असेही म्हणता येत नाही. पण ती असताना न दिसणे, ही गोष्ट आपल्या हातातली आहे.

या ठिकाणी थोडे रेंगाळायला हवे, कारण ‘अंग तपासले नाही’ एवढ्या वाक्याने ही चूक संपत नाही. त्या ओपीडीत पडदा आहे का? पडदा असेल तर बाईजवळ उभी राहायला सिस्टर मोकळी आहे का? बाहेर शंभर माणसे थांबलेली असताना पुरुष डॉक्टरने एका तापाच्या बाईला परकर सैल करायला सांगणे तिला, तिच्या सासूला आणि त्याला स्वतःलाही सहज वाटते का? संकोच, जागा, मनुष्यबळ आणि वेळ हे सगळे मिळून डॉक्टरच्या विचाराला एका बाजूला ढकलत असतात. त्यात डोक्यात आधीच डेंग्यू असेल तर आणखी काही शोधायचे कारणच उरत नाही. विचारातली चूक आणि व्यवस्थेतली चूक अशी वाटणी पुस्तकात करता येते. वॉर्डात त्या एकाच खाटेवर असतात.

मन असे का वागते, याचे उत्तर वैद्यकाबाहेरून आले. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली ‘सायन्स’मध्ये एक निबंध लिहिला. अनिश्चित परिस्थितीत माणूस सगळी शक्यतागणिते करत बसत नाही, तो काही जवळच्या वाटा वापरतो, असे त्यांनी प्रयोगांनी दाखवले. जे चटकन आठवते ते अधिक संभवनीय वाटते. पहिल्यांदा कानावर पडलेल्या आकड्याभोवती मन घुटमळत राहते, यालाच ‘अँकरिंग’ म्हणतात. या वाटा बहुतेक वेळा मुक्कामाला पोचवतात, म्हणून तर त्या टिकून आहेत. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातले पॅट क्रॉसकेरी आधी मानसशास्त्र शिकले आणि मग आपत्कालीन विभागाचे डॉक्टर झाले. त्यांनी हा सगळा विचार रुग्णाच्या खाटेपाशी आणला आणि 2003 साली निदानातल्या अशा चकव्यांची एक लांबलचक यादीच मांडली. ती यादी पाठ करायची म्हणून या पुस्तकात दिलेली नाही. आपल्या वॉर्डात त्यातले काय घडते, हे ओळखायला ती उपयोगी पडते.

नुकताच पाहिलेला आजार पुढच्या रुग्णात दिसू लागतो, हे अनुभवी डॉक्टरांना माहीत असते. पण ते मोजून दाखवले नेदरलँड्समधल्या सिल्व्हिया मामेदे आणि सहकाऱ्यांनी, 2010 साली. पहिल्या वर्षाचे 18 आणि दुसऱ्या वर्षाचे 18 रेसिडेंट त्यांनी घेतले, त्यांच्यापुढे आधी काही प्रकरणे ठेवली आणि नंतर वरवर तशीच दिसणारी, पण निराळ्या आजारांची प्रकरणे दिली. आधीच्या आजाराचा मोह दुसऱ्या वर्षाच्या मुलांना झाला, पहिल्या वर्षाच्या मुलांना तसा झाला नाही. थोडा अनुभव गाठीशी आला की जवळच्या वाटा तयार होतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे धोकेही येतात. पुढे याच मुलांना एक ठरावीक पद्धत दिली: तुमच्या निदानाला अनुकूल काय आहे ते लिहा, प्रतिकूल काय ते लिहा, आणि हे निदान खरे असते तर जे दिसायला हवे होते पण दिसत नाही तेही लिहा. असा फेरविचार केल्यावर त्यांची निदाने सुधारली. तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. जे समोर आहे ते सगळ्यांना दिसते. जे असायला हवे आणि नाही, ते मुद्दाम शोधावे लागते.

या क्षेत्रात सगळे एकमताचे आहेत अशी समजूत करून घेऊन वाचकाने आत शिरू नये. कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठाचे जेफ नॉर्मन या विचाराचे खंदे टीकाकार आहेत. सावकाश विचार म्हणजे अचूक विचार, हे समीकरण त्यांना मान्य नाही. 2014 साली त्यांच्या गटाने एक नियंत्रित प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही रेसिडेंटना वेगाने आणि काहींना सावकाश, नीट विचार करून निदान करायला सांगितले होते. दोन्ही गटांच्या अचूकतेत फरक पडला नाही. त्याच्याही कितीतरी आधी, 1978 साली, आर्थर एल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते की निष्णात डॉक्टरची विचारपद्धती काही वेगळी नसते. सगळेच डॉक्टर पहिल्या काही मिनिटांत दोन-चार शक्यता मनात धरतात, फरक पडतो तो त्या त्या आजाराच्या ज्ञानाने. नॉर्मन यांचे म्हणणे असे की, चकव्यांची नावे शिकवून कोणी चांगला डॉक्टर होत नाही. अधिक रुग्ण पाहून आणि अधिक शिकून होतो.

चकव्यांच्या नावांविषयीचा त्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ‘अँकरिंग झालं होतं’ असे मागाहून म्हणणे फार सोपे असते, आणि त्याने पुढच्या रुग्णाचे काही भले होत नाही. पण वरच्या उदाहरणातल्या डॉक्टरला स्क्रब टायफस माहीत आहे. परीक्षेत विचारला असता तर त्याने पानभर उत्तर लिहिले असते. ज्ञान होते, ते त्या दुपारी हाकेला आले नाही. ते येण्यासाठी कोणीतरी हाक मारायला हवी होती, आणि ती कशी मारायची हे शिकवता येते. या पुस्तकाची भूमिका या दोन मतांच्या मधली आहे, आणि ती तशी आहे हे आधीच सांगितलेले बरे.

नीट पाहण्याचा आणि प्रचलित उत्तरावर न थांबण्याचा धडा घ्यायला आपल्याला परदेशात जायची गरज नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 च्या सुमारास कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती. वेदना आणि दंशाची जागा याकडेच सगळ्यांचे लक्ष असे. बावस्करांनी रुग्णाजवळ रात्र रात्र बसून काय काय कोणत्या क्रमाने होते ते टिपले. भरपूर घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, नंतर धाप आणि फेसाळ थुंकी. त्यातून लक्षात आले की मरण येते ते हृदयाकडून. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरले, ‘लॅन्सेट’मध्ये निरीक्षणे प्रसिद्ध केली, आणि जिथे पूर्वी दर शंभरात तीस-चाळीस रुग्ण दगावत तिथे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. हे काम प्रयोगशाळेतून सुरू झाले नाही. क्रमवार लिहिलेल्या टिपणांतून सुरू झाले.

मण्यारीच्या दंशाचीही गोष्ट अशीच आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूण अनेकदा सापडतच नाही. पहाटे पोटात कळा येतात, उलट्या होतात, आणि घरचे पोटदुखीची केस म्हणून घेऊन येतात. तेव्हा एक प्रश्न विचारला तर बरेच काही उलगडते: रात्री कुठे झोपला होता? मग पापण्यांकडे पाहायचे. त्या जड होऊन खाली येत असतील तर पोटावरच्या इंजेक्शनात वेळ घालवून चालणार नाही. ग्रामीण भागात काम करणाऱ्या मित्रांना हे सांगायला नको, पण शहरात शिकून पहिल्यांदाच बंधपत्रित सेवेला जाणाऱ्या मुलामुलींनी हे परिच्छेद आवर्जून वाचावेत.

आपल्या परंपरेतही या जिज्ञासेला जागा आहे. रोग जाणण्याची साधने म्हणून चरकसंहिता आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान अशी तीन सांगते, आणि ती एकत्र वापरायला सांगते. पुस्तकातले ज्ञान, डोळ्यांसमोरचा रुग्ण आणि त्यातून काढलेला निष्कर्ष यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहणे म्हणजेच हा विषय.

निदान बरोबर होते की चूक, हे डॉक्टरला कळते कसे? खरे तर बहुतेक वेळा कळतच नाही. रुग्ण परत आला नाही की तो बरा झाला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेला असतो, गावी गेलेला असतो, कधी वारलेला असतो. आपल्या चुकीची बातमी ज्याला मिळत नाही त्याचा आत्मविश्वास वर्षागणिक वाढत जातो आणि अचूकता मात्र आहे तिथेच राहते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात विसाव्या शतकाच्या आरंभी दोन डॉक्टरांना हे खटकले. रिचर्ड कॅबट यांनी 3000 शवविच्छेदनांचे निष्कर्ष जिवंतपणी केलेल्या निदानांशी ताडून पाहिले आणि 1912 साली त्यातली तफावत जाहीर केली. अर्नेस्ट कॉडमन यांचे म्हणणे असे होते की प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले हे रुग्णालयाने वर्षभराने तपासलेच पाहिजे. ते सहकाऱ्यांना रुचले नाही. 1914 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून 1911 ते 1916 या काळात घरी गेलेल्या 337 रुग्णांबाबत त्यांनी 123 चुका नोंदवल्या आणि त्या छापून सर्वांपुढे ठेवल्या. या शाखेत मला सर्वांत जास्त आदर कोणाविषयी वाटत असेल तर तो कॉडमन यांच्याविषयी.

1999 साली अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तिथल्या रुग्णालयांत वैद्यकीय चुकांमुळे दरवर्षी 44,000 ते 98,000 मृत्यू होत असावेत असा अंदाज मांडला, तेव्हा सगळीकडे खळबळ उडाली. पण त्या चर्चेचा भर औषधे, शस्त्रक्रिया आणि जंतुसंसर्ग यांवर राहिला. निदान मागे पडले. त्याच परंपरेतला निदानावरचा स्वतंत्र अहवाल यायला 2015 साल उजाडले. त्या अहवालाने केलेली व्याख्या इथे मुद्दाम सांगतो: रुग्णाच्या त्रासाचे अचूक आणि वेळेवर स्पष्टीकरण न मिळणे ही चूक आहेच, पण ते स्पष्टीकरण रुग्णापर्यंत न पोचवणे हीदेखील निदानातलीच चूक आहे. ‘थोडं इन्फेक्शन आहे’ असे सांगून पाठवलेला रुग्ण या व्याख्येत कुठे बसतो, याचा विचार प्रत्येकाने करावा. 2024 च्या जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा, म्हणजे 17 सप्टेंबरचा, विषयही निदान हाच होता.

चेकलिस्टविषयीच्या प्रकरणात वाचकाला एक ओळखीचे आडनाव भेटेल. शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातल्या उटी गावचे. अतुल गावंडे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी बनवली. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर 2014 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या 101 रुग्णालयांचा अभ्यास आला. तिथे यादी सक्तीची होऊनही लक्षणीय फरक दिसला नाही. मला वाटते, यादीचे खरे बळ तिच्यातल्या चौकटींत टिक करण्यात नसून चिरा देण्यापूर्वी सर्वांनी आपले नाव व काम मोठ्याने सांगण्यात आहे. एकदा आवाज फुटला की ‘सर, बाजू डावी की उजवी?’ हे विचारायला सिस्टर कचरत नाही. यादी फाइलमध्ये लागली आणि आवाज फुटलाच नाही, तर काय होणार?

विचार हा एकट्या डॉक्टरच्या डोक्यात होतो असे मानणे इथेच अपुरे पडते. रात्रभर रुग्णाजवळ असते ती सिस्टर. ‘कालपेक्षा आज हा वेगळा वाटतो’ हे सर्वांत आधी जाणवते ते आईला. या दोघींचे बोलणे केसपेपरवर येत नाही. ते यावे म्हणून काय करता येईल, यावर एक संपूर्ण प्रकरण आहे आणि ते डॉक्टर नसलेल्या वाचकालाही सहज वाचता येईल. नातेवाइकांनी विचारावेत असे प्रश्न तिथे दिले आहेत: आणखी काय असू शकेल? या निदानाशी न जुळणारे काही आहे का? काय झालं तर आम्ही लगेच परत यायचं? हे प्रश्न विचारले म्हणून कोणत्याही डॉक्टरने अपमान मानू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भीतीचा प्रश्न उरतोच. 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. 2005 च्या जेकब मॅथ्यू प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की निर्णयातली प्रत्येक चूक म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. कायद्यातला हा फरक वॉर्डाच्या दारात जमलेल्या संतप्त जमावापर्यंत पोचत नाही, आणि डॉक्टर गप्प बसायला शिकतात. चुकांवर मोकळेपणाने बोलता येईल अशी बैठक प्रत्येक रुग्णालयात व्हावी, तिच्या नोंदी शिक्षेसाठी वापरू नयेत. हे घडल्याशिवाय या पुस्तकातले बरेचसे कागदावरच राहील.

नव्याने या विषयाकडे येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. मी त्यांना सिद्धान्तापासून सुरुवात करायला सांगत नाही. एक साधी वही करावी. दिवसातून एकाच रुग्णाची नोंद: निदान काय केले, किती खात्री वाटली ते शंभरपैकी आकड्यात, आणि दुसरी कोणती शक्यता मनात आली होती. पंधरा दिवसांनी त्या रुग्णाला फोन करून काय झाले ते विचारावे आणि त्याच ओळीपुढे लिहावे. ज्या रुग्णांबाबत नव्वदच्या वर खात्री होती, त्यांची पाने आधी उघडावीत. आणि केसपेपरवरचा मोबाइल नंबर पुष्कळदा रुग्णाचा नसतो; पुतण्याचा, शेजाऱ्याचा किंवा रिक्षावाल्याचा असतो. म्हणून नंबर घेतानाच तो कोणाचा, आणि रुग्ण घरी किती वाजता सापडेल, हे विचारून लिहून ठेवावे.